शेजारणीचा हात

घाटकोपरच्या पोलीस लाइनीत चार नंबरच्या इमारतीची पायरी ही पोलिसांच्या आयांची जागा. पोलिसांच्या बायका तिथं बसत नाहीत. त्या मागच्या बाजूला पाण्याच्या टाकीपाशी जमतात आणि नवऱ्यांच्या नावानं मोकळेपणी बोटं मोडतात. आयांना ती सोय नाही. पोराबद्दल वाईट बोलवत नाही, आणि चांगलं बोलावं तर दृष्ट लागायची धास्ती. म्हणून त्या मेथी निवडतात, पावटे सोलतात आणि मधूनच एखादी म्हणते, "माझ्याचा फोन नाही गं आला सकाळपासून." मग दुसरी म्हणते, "माझा आत्ताच बोलला. तुझा बाजूलाच उभा होता, वडापाव खात होता." तेवढ्यावर पहिलीची संध्याकाळ निभते.

या पायरीवर सुलक्षणा शिगवणचा शब्द चालायचा. नवरा जयवंत हवालदार होता, दोन पावसाळ्यांमागे छातीत कळ येऊन गेला. मुलगा सुबोध शिपाई. म्हणजे बाईनं सगळं आयुष्य एकाच्या नाहीतर दुसऱ्याच्या खाकीला इस्त्री करण्यात घालवलेलं. कुणाचा मुलगा जखमी झाला, कुणाचा निलंबित झाला, कुणाचा नुसताच गप्प गप्प राहायला लागला, की आया आधी सुलक्षणाकडे यायच्या. ती चहा टाकायची आणि ऐकून घ्यायची. ऐकून घ्यायला तिला कुणी शिकवलं नव्हतं, पण ते तिला येत होतं.

पायरीचा नियमही तिनंच घातलेला. पूर्वी लाइनीतली एक आई ड्युटी लावणाऱ्या हवालदाराच्या घरी हापूसची पेटी पोचवायची आणि तिच्या लेकाला बारा महिने सावलीतली ड्युटी मिळायची. एका दहीहंडीला त्याच्या बदली ज्याला उभं राहावं लागलं, त्याच्या आईनं जिन्यातच हिच्या झिंज्या धरल्या. सुलक्षणानं दोघींना सोडवलं, पायरीवर बसवलं आणि सगळ्यांदेखत सांगितलं, "आजपासून ड्युटीत कुठल्याही आईनं हात घालायचा नाही. एकीचं पोर सावलीत गेलं की दुसरीचं उन्हात उभं राहतं. ऊन काय कमी होत नाही."

नुसतं सांगून ती थांबली नाही. मुलगा किंवा मुलगी पहिल्यांदा वर्दी घालून निघाली की शेजारणीनं त्या लेकराच्या डोक्यावर हात ठेवायचा आणि ड्युटीत हात घालणार नाही अशी शपथ घ्यायची, असा रिवाज तिनं पाडला. आपल्या लेकरासाठी आई खोटी शपथही घेईल. दुसरीच्या लेकराच्या डोक्यावर हात ठेवून घेणार नाही, असा तिचा हिशेब. सख्खी शेजारीण वनमाला हिनं सुबोधच्या डोक्यावर हात ठेवला होता. वनमालाच्या सम्यकच्या डोक्यावर सुलक्षणानं. सम्यक उंच, त्याला त्यासाठी गुडघ्यात वाकावं लागलं होतं आणि सगळ्या हसल्या होत्या.

आता लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण, ही म्हण सुलक्षणाला ठाऊक नव्हती असं नाही. पण म्हण आपल्याला लागू होते हे माणसाला नेहमी मागाहून कळतं.

झालं असं. शिगवणांचं गाव संगमेश्वराकडे. शिमग्यात ग्रामदेवीची पालखी सहाणेच्या चौथऱ्यावरून उठते तेव्हा पहिला खांदा शिगवणांच्या थोरल्या घराचा. जयवंत काहीही करून जायचा. तो गेल्यावर पहिला शिमगा वर्ष सरलं नव्हतं म्हणून चुकला. यंदा होळीच्या आधी धाकट्या दिराचा फोन आला. आवाज असा की गूळ वितळावा.

"वहिनी, सुबोधला जमत नसेल तर राहू दे. पोलिसाची नोकरी, आम्ही काय समजत नाय? आमचा धवल घेईल खांदा. देवीला काय थांबवता येत नाय ना."

एकदा धवलच्या खांद्यावर गेलेली पालखी परत सुबोधच्या खांद्यावर येणार नाही, हे सुलक्षणाला न सांगता कळलं. गावात जमीन नावाला उरलेली, घर दिराच्या ताब्यात. मान तेवढा शिल्लक होता. ती दिवसभर धुमसत राहिली. सुबोध घरी आला तसं तिनं विचारलं.

"आई, वेडी आहेस का तू?" तो बूट काढत म्हणाला. "होळीला सुट्टी मागितली तर साहेब मला पाणी मारून शुद्धीवर आणतील. धुळवडीला अख्खं ठाणं रस्त्यावर असतं."

"बाबांना मिळायची."

"बाबांना कोण सोडायचं ते मला माहीत नाही. जेवायला वाढ ना."

दुसऱ्या दिवशी दुपारी सुबोध ड्युटीवर गेल्यावर सुलक्षणानं दार लोटलं आणि मार्तंडला फोन लावला. मार्तंड हवालदार ठाण्यात ड्युटी लावायचा. तो नवा भरती झाला तेव्हा जयवंतनं त्याला स्वतःच्या घरी ठेवून घेतलं होतं. त्याच्या टायफॉइडमध्ये सुलक्षणानं त्याला पेज भरवली होती. एवढ्या वर्षांत तिनं त्याच्याकडे काही मागितलं नव्हतं.

"वहिनी! आज कशी आठवण झाली?"

तिनं पालखीचं सांगितलं. मार्तंड कोकणातलाच, त्याला समजावून सांगावं लागलं नाही.

"सोडतो सुबोधला," तो म्हणाला. "जयवंतदादांसाठी एवढं करायला नको? फक्त त्याच्या जागी नाकाबंदीला माणूस द्यायला लागेल. आणि सण तर सगळ्यांच्याच घरी. कोणाला लावू, तुम्हीच सांगा."

इथं ती अडखळली असती तर पुढचं सगळं टळलं असतं. ती अडखळली नाही. नाव जिभेवर ठेवल्यासारखं बाहेर आलं.

"सम्यकला लावा ना. त्यांच्यात कुठं होळी असते?"

"हे बरं सुचवलंत," मार्तंड हसून म्हणाला.

फोन ठेवून ती भाकरीचं पीठ मळायला बसली. मनात काही आलंच नाही, असं नाही. आलं. पण तिनं ते पिठाबरोबर मळून टाकलं. बौद्ध घरातला म्हणून सम्यक दरवर्षी होळीला आपणहून उभा राहतो, दुसऱ्यांना म्हणतो तुम्ही जा रे सणाला. मग यंदा लागली तर काय बिघडलं? असा विचार करत तिनं भाकरी थापली. भिंतीपलीकडे वनमालाचा कुकर शिट्ट्या देत होता.

त्या संध्याकाळी सुबोध नाचतच घरात आला. "आई, लॉटरी! सुट्टी पडली! कशी पडली विचारू नको, मार्तंडसाहेब म्हणाले बॅग भर."

"देवीची इच्छा," सुलक्षणा म्हणाली. तिच्या तोंडून ते इतकं सहज आलं की क्षणभर तिलाच खरं वाटलं.

गावी सहाणेवर ढोल वाजला आणि सुबोधनं पहिला खांदा दिला. पालखीचा दांडा त्याच्या मानेशी रुतला, गुलालानं दात लाल झाले, आणि पालखी नाचवताना तो थेट जयवंतसारखा एका पायावर कलला. दीर बाजूला हाताची घडी घालून उभा होता. सुलक्षणानं पदर तोंडाला लावून रडून घेतलं. तेवढी एक दुपार ती खरोखर सुखी होती. ते नाकारण्यात अर्थ नाही.

ओटी भरायची बायकांची रांग लागली होती तेव्हा फोन वाजला. क्षमा होती. क्षमा लाइनीत नवी; नवरा बँकेत, एकुलती एक मुलगी सई हट्टानं पोलिसात गेली म्हणून आईबाप बोरीवलीचा फ्लॅट भाड्यानं देऊन तिच्याबरोबर राहायला आलेले. बोलताना ती नेहमी हातवारे करायची. आज तिचा आवाज दबलेला होता.

"काकी, सम्यकला उडवलं. हायवेवर, नाकाबंदीत. रंग खेळून येणारी पोरं होती, एका बाइकवर तिघं. ह्यानं हात केला, त्यांनी गाडी घातली. बाइक आणि लोखंडी बॅरिकेड, सगळं त्याच्या पायावर. वनमालाकाकी काही बोलतच नाहीयेत हो. तुम्ही कधी येताय?"

सुलक्षणानं हातातलं ओटीचं सूप खाली ठेवलं. मागची बाई म्हणाली, "व्हा ना पुढं." ती पुढं झाली नाही. देवीकडे बघायची तिची छाती झाली नाही.

हॉस्पिटलात पोचली तेव्हा आया जिन्याशी बसून होत्या. अंगावरच्या साड्या कालच्याच. वनमाला भिंतीला टेकून उकिडवी बसली होती. सुलक्षणाला बघताच ती उठली आणि तिच्या गळ्यात पडली.

"आलीस ना ताई. बस. आता मला धीर आला."

सुलक्षणाचे हात हवेतच राहिले. मग ते वनमालाच्या पाठीवर टेकले. पाठीचे मणके हाताला लागत होते. बाई एका दिवसात वाळल्यासारखी झाली होती.

"देवीचं सोडून आलीस माझ्यासाठी," वनमाला म्हणाली. "कोण करतं असं?"

सम्यकच्या मांडीत सळई घातली. पाऊल वाचलं, पण घोट्यात वळेल की नाही सांगता येत नाही, असं डॉक्टर म्हणाले. उभ्या ड्युटीचं तर नावच नको. हे ऐकल्यावर वनमाला म्हणाली, "जिवावरचं पायावर गेलं," आणि लगेच नळाकडे जाऊन तोंड धुऊन आली.

लाइनीत असा प्रसंग आला की आया मुलाच्या आईला एकटी सोडत नाहीत. कुणी बसायचं, कुणी डबा आणायचा, कुणी तिला बळजबरीनं घरी नेऊन झोपवायचं, हे वाटून घेतात. त्याला त्या थट्टेनं आयांची ड्युटी म्हणतात. आणि ती ड्युटी लावायचं काम वर्षानुवर्षं सुलक्षणाकडे. आताही सगळ्या तिच्याभोवती जमल्या. "ताई, सांगा. कोणाला कधी लावताय?"

ती सांगत गेली. स्वतःला तिनं सगळ्यात जड वेळा घेतल्या. सकाळचं अंग पुसणं, भांडं देणं, चादर बदलणं. सम्यक धिप्पाड, कुशीवर वळवताना दोघी लागायच्या. त्याचा घाम, औषधाचा वास, प्लास्टरखालची खाज. ती फुटपट्टीला कापूस गुंडाळून हलकेच खाजवायची. त्याला लाज वाटायची. तो डोळे मिटून घ्यायचा आणि म्हणायचा, "काकी, राहू दे ना यार. तू कशाला?"

"गप. तुझ्या डोक्यावर हात ठेवलाय मी," ती सवयीनं बोलून गेली, आणि तिनं फुटपट्टी काढून खाली ठेवली.

सगळ्या तिची वाखाणणी करत होत्या. वॉर्डातल्या परक्या बायका विचारायच्या, "आई तुम्ही का?" तेव्हा वनमाला म्हणायची, "आईच आहे. मी नुसती जन्माची." ते ऐकलं की सुलक्षणा भांडं धुवायला उठायची. शिव्या खाल्ल्या असत्या तर बऱ्या पचल्या असत्या. कौतुक पचत नव्हतं.

एके सकाळी अंग पुसून झाल्यावर सम्यक छताकडे बघत म्हणाला, "काकी, गंमत सांगू? या वर्षी पहिल्यांदा मी धुळवडीची सुट्टी मागितली होती. मंजूर पण झाली होती."

"कशाला?" तिनं विचारलं. चादरीचं टोक तिच्या हातात होतं.

"जालन्याला मुलगी बघायला जायचं होतं. रुचिरा नाव आहे. फोनवर बोलायचो आम्ही, आईला माहीत होतं. मला म्हणाली, शिमगा संपला की पायरीवर सांगू, तोवर गप्प राहा. आदल्या दिवशी बघतो तर नाकाबंदीला माझं नाव. मार्तंडसाहेबांना विचारलं, म्हणाले वरून आलंय." तो हसला. "तिच्या घरचे आता म्हणतात, मुलगा बरा झाला की बघू. बघू म्हणजे काय ते कळतं ना."

सुलक्षणा चादरीचं टोक गादीखाली खोचत राहिली. खोचून झालेलं पुन्हा काढून खोचलं. सांग, आत्ता सांग, असं आतून कुणीतरी म्हणत होतं. ती म्हणाली, "मोसंबीचा रस घेतोस?"

सुट्टीची गोष्ट वनमालाकडून पायरीवर पोचली, आणि पायरीवरच्या आया काही दुधखुळ्या नव्हत्या. मंजूर सुट्टी आपोआप रद्द होत नाही. कुणीतरी शब्द टाकला. कुणाच्या पोराला त्या दिवशी सुट्टी होती? सुबोधला होती, पण सुबोधची आई म्हणजे खुद्द नियम; तिच्यावर कोण संशय घेणार? दुसरी सुट्टी सईला होती. आणि सईची आई क्षमा. नवी. फ्लॅटवाली. साहेबांशी इंग्रजीत बोलणारी.

कुणी उघड बोललं नाही. क्षमा पायरीवर आली की बोलणं भाजीच्या भावाकडे वळायचं. तिला हॉस्पिटलात बसायला बोलावणं बंद झालं. एकदा ती आपणहून डबा घेऊन आली, मूगडाळीची खिचडी आणि वर तूप. वनमालानं डबा घेतला, खाटेखाली ठेवला, आणि संध्याकाळी तो न उघडताच परत दिला. क्षमानं वजनावरून ओळखलं.

ती सुलक्षणाच्या मागे जिन्यापर्यंत आली. "काकी, मी फोन नाही केला हो कोणाला. सईची साप्ताहिक सुट्टी होती, तिच्या नशिबानं त्या दिवशी आली. मी आधीच मेली घाबरत घाबरत जगते, मुलगी रात्री बाहेर असते म्हणून. इथं तुम्ही सगळ्या होतात म्हणून झोप लागायला लागली होती. तुम्ही तरी सांगा ना त्यांना. तुमचं ऐकतात."

"बघते," सुलक्षणा म्हणाली.

'बघते' म्हणाली! जिना उतरून रस्त्यावर आल्यावर तिला स्वतःचीच किळस आली. मार्चचं ऊन टाळूवर बसलं होतं. रिक्षा न करता ती लाइनीपर्यंत चालत गेली, जणू घाम गाळल्यानं काही फिटणार होतं.

घरी सुबोध दारातच उभा होता. वर्दीत. तोंड असं की मयताला जाऊन आलाय.

"मार्तंडसाहेबांना मी विचारलं," तो म्हणाला. "सम्यकला कोणी अडकवलं, नाव सांगा, त्याला सोडत नाही म्हणालो. ते म्हणाले, घरी जाऊन आईला विचार."

सुलक्षणा खाली बसली. 

"पालखीसाठी," ती म्हणाली. "बाबांचा मान..."

"आई, मला पालखी नको होती गं! मी बोललो होतो का तुला? सुट्टी पडली म्हणून नाचलो मी, गाढवासारखा." त्याचा आवाज फाटला. "माझी वाट लागली ठाण्यात. रोज त्याच्या रिकाम्या कपाटाशेजारी मी कपडे बदलतो. तू सांगतेस त्यांना की मी सांगू?"

"मार्तंडच्या मागे चौकशी लागेल रे."

"लागू दे. आणि मार्तंडच्या आड लपू नको."

मुलानं एवढं तोडून बोलण्याची ती पहिलीच वेळ. तो न जेवता गेला. सुलक्षणानं त्याचं ताट झाकलं, उघडलं, परत झाकलं. मुलगा आपल्यामुळे शरमेनं मान खाली घालतोय, याच्याइतकं वाईट आईला दुसरं काही नसतं. तिनं तर त्याची मान ताठ राहावी म्हणून सगळं केलं होतं.

सम्यकला घरी आणलं त्या संध्याकाळी सगळ्या आया पायरीवर जमल्या. वनमालाही थोडा वेळ खाली आली. बोलणं असं ठरत होतं की सगळ्यांनी मिळून ठाण्यात जायचं आणि साहेबांना विचारायचं, सुट्टी कुणाच्या सांगण्यावरून रद्द झाली.

"सुलक्षणाताई पुढं," एक म्हणाली. "त्यांनी बोललं की साहेबही ऐकतील."

"आणि जिनं केलंय तिनं आधीच कबूल केलं तर जायची गरज नाही," दुसरी क्षमाकडे न बघता म्हणाली. क्षमा कडेला उभी होती. बसायला कुणी जागा केली नव्हती.

सुलक्षणा उठली. तिनं कठडा धरला.

"ठाण्यात जायला नको," ती म्हणाली. "फोन मी केला होता. मार्तंडला. सुबोधला सुट्टी द्या म्हणून."

कुणाला आधी कळलंच नाही. एक बाई तर हसली. मग हसणं बंद झालं.

"क्षमाचा काही संबंध नाही. मी बघत होते तुम्ही तिला कसं वागवता ते, आणि गप्प राहिले."

क्षमा तोंडावर हात धरून रडायला लागली. "एवढे दिवस, काकी? तुम्ही 'बघते' म्हणालात मला."

वनमाला मात्र हलली नव्हती. ती सुलक्षणाकडे अशी बघत होती, की नजरेत राग नाही, ओळखही नाही.

"सुबोधला सुट्टी मागितलीस," ती सावकाश म्हणाली. "मागते आई. मी समजू शकते. पण सम्यकचं नाव कुणी घेतलं? मार्तंडनं?"

इथं एक वाट होती. मार्तंडनं, एवढं म्हटलं की बरंचसं ओझं उतरलं असतं. सुलक्षणाला ती वाट स्पष्ट दिसली.

"नाही. मी घेतलं."

"इतकी पोरं आहेत ठाण्यात. माझंच का?"

 सुलक्षणाला माहीत होतं, आज हे राहिलं तर आजचं सगळं बोलणं खोटं ठरणार.

"मी म्हटलं, त्यांच्यात कुठं होळी असते."

 ज्या दोघीतिघी मघाशी तावातावानं बोलत होत्या त्यांनी माना खाली घातल्या. त्यांच्याही तोंडून हे वाक्य कधी ना कधी निघालेलं होतं. फक्त त्याचं काही वाईट झालं नव्हतं, इतकंच.

"त्यांच्यात," वनमाला म्हणाली. "जयवंतदादा गेले तेव्हा तुझ्या घरी पहिला भात मी शिजवला, ताई. तेव्हा मी त्यांच्यातली नव्हते." आणि पदर खोचून ती जिना चढून गेली. तिच्या दाराचा आवाज खालपर्यंत आला.

एकेक करून आया उठल्या.  भाजीची टोपली सुलक्षणाची होती, ती तिथंच राहिली.

सकाळी ती नेहमीच्या वेळेला उठली. सम्यकच्या अंघोळीची वेळ झाली. आता तिनं जावं असं कुणी म्हणणार नव्हतं, आणि ती गेली नाही तर वनमालाला एकटीला ते पोर उचलवणार नव्हतं. बाकीच्या कुणाला आज लावलेलं नव्हतं. लावणारी तीच होती. बराच वेळ ती आपल्या दाराच्या आत उभी राहिली. हाकलून देईल, थोबाडीत मारेल, सगळ्या जिन्याला ऐकू जाईल असं बोलेल. बोलू दे. तिनं शेजारचं दार ठोठावलं.

वनमालानं दार उघडलं. डोळे सुजलेले. ती बाजूला झाली नाही, दारातच उभी राहून बोलली.

"माफी मागायला आली असशील तर परत जा. माफ करायला मला जमणार नाही. आज नाही, कधी होईल ते माहीत नाही."

"अंघोळीला आले," सुलक्षणा म्हणाली. "तुला एकटीला उचलायचा नाही तो."

 वनमालाच्या मनात काय चाललं होतं ते तिचं तिला ठाऊक. मग ती बाजूला झाली.

"तो चालायला लागेपर्यंत रोज यायचं. एक दिवस चुकवायचा नाही. आणि माझ्याशी बोलायचं नाही."

सुलक्षणानं मान हलवली. आत मोरीच्या उंबऱ्याशी प्लास्टिकची खुर्ची मांडलेली होती. सम्यकला सगळं कळलं होतं. तो तिच्याकडे बघत नव्हता. आजवर रोज तो "काकी, हळू" म्हणायचा. आज काही म्हणाला नाही. तिनं त्याच्या काखेत हात घातला, पलीकडून वनमालानं घातला, आणि दोघींनी एकदम जोर केला. त्याचं सगळं वजन तिच्या खांद्यावर आलं, खांदा कडाडला, आणि तिच्या मनात आलं, सुबोधचंही वजन एवढंच असेल. नाकाबंदीला याच्या जागी तो असता तर आज हे पाय सुबोधचे असते. आणि ते सुबोधचे नाहीत याचं बरं वाटलं तिला. क्षणभर, पण वाटलं. सगळं कबूल करूनही आतली बया तशीच होती. 

"लक्ष कुठंय?" वनमाला म्हणाली. "पाणी टाक."

सुलक्षणानं तांब्या बुडवला.